दूरचित्रवाणीचे चित्र संगणकाच्या पडद्यावर : एका तडजोडीचा इतिहास

प्रस्तावना

१९९० च्या आसपासचा एखादा दूरचित्रवाणी संच आणि त्याच काळातील संगणकाचा मॉनिटर शेजारी ठेवले, तर दोघांत फारसा फरक दिसत नाही. दोघांच्या पोटात काचेची चित्रनलिका आहे. दोघांतही इलेक्ट्रॉनांची शलाका पडद्यावर डावीकडून उजवीकडे, वरून खाली फिरते आणि रेषा-रेषांनी चित्र उभे करते. तरीही दूरचित्रवाणीचा सिग्नल त्या मॉनिटरला नुसत्या तारेने जोडला, तर चित्र उमटत नसे. उमटलेच तर तिरक्या, सरकत्या पट्ट्या दिसत.

असे का होत असे, याचे उत्तर केवळ विद्युतशास्त्रात सापडत नाही. दूरचित्रवाणीच्या सिग्नलचा साचा १९३० च्या दशकात, त्या काळच्या अडचणी डोळ्यांसमोर ठेवून ठरला. संगणकाच्या पडद्याचा साचा पुढे पन्नास वर्षांनी, वेगळ्या गरजेतून ठरला. एकाचे चित्र दुसऱ्यावर दाखवण्याचे प्रयत्न म्हणजे या दोन काळांमधील तडजोडीचा इतिहास आहे. या तडजोडीच्या खुणा आजही आपल्या भ्रमणध्वनीवर दिसतात. जुन्या कार्यक्रमात एखादी व्यक्ती वेगाने हात हलवते आणि हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात, ही त्यांपैकीच एक खूण. ती कोठून आली आणि जुन्या फिती जपताना तिच्याकडे दुर्लक्ष का करता येत नाही, हे आपण या टिपणात पाहू.

१. प्रसारणाची अडचण आणि इंटरलेसिंग

चित्र हलते दिसण्यासाठी सेकंदाला साधारण पंचवीस चित्रे पुरतात. पण चित्रनलिकेचा पडदा सेकंदाला पंचवीस वेळाच उजळला, तर तो डोळ्यांना लुकलुकताना दिसतो. लुकलुक थांबवायची तर पडदा निदान पन्नास वेळा उजळला पाहिजे. पन्नास पूर्ण चित्रे पाठवायची म्हटली, तर सिग्नलची बँडविड्थ दुप्पट होते. आकाशातील वाहिन्यांची जागा मोजकी असल्यामुळे हा खर्च परवडणारा नव्हता.

यावर तोड निघाली ती इंटरलेसिंगची. जर्मनीत टेलिफुंकेन कंपनीतील फ्रिट्झ श्र्योटर आणि अमेरिकेत आरसीए कंपनीतील रँडल बॅलार्ड यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी या दिशेने काम केले. कल्पना सोपी होती. चित्राच्या सर्व रेषा एकदम पाठवायच्या नाहीत. आधी १, ३, ५ अशा विषम रेषा पाठवायच्या आणि मग २, ४, ६ अशा सम रेषा. या अर्ध्या चित्राला ‘फील्ड’ म्हणतात आणि दोन फील्ड मिळून एक ‘फ्रेम’ होते. पडदा सेकंदाला पन्नास वेळा उजळतो, पण पूर्ण चित्रे पंचवीसच जातात. लुकलुक कमी होते आणि बँडविड्थही वाचते.

या कल्पनेची कसोटी लंडनमध्ये लागली. २ नोव्हेंबर १९३६ रोजी बीबीसीने अलेक्झांड्रा पॅलेस येथून नियमित प्रक्षेपण सुरू केले, तेव्हा दोन पद्धती आलटून पालटून वापरल्या जात होत्या. बेअर्ड पद्धतीत २४० रेषांची पूर्ण चित्रे सेकंदाला पंचवीस वेळा जात. मार्कोनी-ईएमआय पद्धतीत ४०५ रेषा असून इंटरलेसिंगमुळे पन्नास फील्ड मिळत. काही महिन्यांतच, फेब्रुवारी १९३७ मध्ये, बेअर्ड पद्धत बंद करण्यात आली. त्यानंतर जगातील सर्व मोठ्या प्रक्षेपण पद्धतींनी इंटरलेसिंग स्वीकारले.

फील्डची संख्या घरातील वीजपुरवठ्याशी जुळती ठेवली गेली. विजेच्या लहरींमुळे चित्रात येणारा अडथळा त्यामुळे एका जागी स्थिर राहतो आणि खुपत नाही. म्हणून ६० हर्ट्झ वीज असलेल्या अमेरिकेने १९४१ मध्ये ५२५ रेषा व ६० फील्ड ही पद्धत घेतली, तर ५० हर्ट्झ वीज असलेल्या युरोपात पुढे ६२५ रेषा व ५० फील्ड रूढ झाले. भारतात १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. आपला वीजपुरवठाही ५० हर्ट्झचा असल्यामुळे ६२५ रेषांचीच पद्धत आपल्याकडे आली. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू करताना दूरदर्शनने जर्मनीत वॉल्टर ब्रूख यांनी विकसित केलेली पाल ही रंगपद्धत निवडली.

पुढील चर्चेसाठी एक आकडा लक्षात ठेवावा. ६२५ रेषा सेकंदाला २५ वेळा म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेषा. यालाच आडवी वारंवारता म्हणतात. ती १५.६२५ किलोहर्ट्झ असल्याने एका रेषेला ६४ मायक्रोसेकंद मिळतात. त्यांपैकी सुमारे ५२ मायक्रोसेकंद प्रत्यक्ष चित्रासाठी असतात आणि उरलेला वेळ शलाकेला परत डाव्या कडेला जाण्यासाठी लागतो.

२. संगणकाने उसना घेतलेला पडदा

१९७० च्या दशकात स्वस्त संगणक घराघरांत येऊ लागले, तेव्हा प्रश्न उलटा होता. संगणकाचा स्वतंत्र पडदा महाग होता, पण दूरचित्रवाणी संच घरात आधीच होता. सप्टेंबर १९७३ मध्ये ‘रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकी मासिकाने डॉन लँकेस्टर यांचा ‘टीव्ही टाइपरायटर’ प्रसिद्ध केला. घरच्या संचावर अक्षरे उमटवणारे हे उपकरण हौशी मंडळींनी स्वतः जोडायचे होते. १९८२ चा सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम आपले चित्र अँटेनाच्या जागी जोडायच्या तारेतून, एखाद्या वाहिनीसारखे पाठवत असे. १९८१ च्या बीबीसी मायक्रोला मात्र अँटेनाची, संयुक्त व्हिडिओची आणि लाल-हिरवा-निळा अशा स्वतंत्र रंगांची, अशा तिन्ही जोडण्या होत्या. भारतातील शाळांमध्ये १९८४ च्या सुमारास सुरू झालेल्या ‘क्लास’ या संगणक साक्षरता प्रकल्पात हाच बीबीसी मायक्रो वापरला गेला.

उसन्या पडद्याची मर्यादा लवकरच कळली. एका ओळीत ४० अक्षरे, प्रत्येक अक्षर ८ ठिपक्यांचे, म्हणजे ३२० ठिपके. ते ५२ मायक्रोसेकंदांत बसवायचे तर सेकंदाला सुमारे ६२ लाख ठिपके होतात आणि त्यासाठी साधारण ३ मेगाहर्ट्झची बँडविड्थ पुरते. संच तेवढे सहज दाखवतो. पण टंकलेखनाच्या कागदासारखी ८० अक्षरांची ओळ हवी असेल, तर ६ मेगाहर्ट्झच्या वर जावे लागते. आपल्या प्रक्षेपण पद्धतीत चित्रासाठी ५ मेगाहर्ट्झच राखलेले होते. त्यातही पाल पद्धतीचा रंगाचा भाग ४.४३ मेगाहर्ट्झवर बसवलेला असतो. अक्षरांच्या बारीक उभ्या रेषा त्याच परिसरात येतात आणि संच त्यांना रंग समजतो. पांढऱ्या अक्षरांना निळसर-लालसर कडा येत, त्याचे कारण हेच.

इंटरलेसिंगचाही त्रास होता. चेहऱ्याच्या चित्रात शेजारच्या दोन रेषा जवळपास सारख्याच असतात, त्यामुळे त्या आळीपाळीने उजळल्या तरी लुकलुक जाणवत नाही. संगणकाच्या चौकटीची कड मात्र एकाच रेषेची असू शकते. ती फक्त एका फील्डमध्ये येते, म्हणजे सेकंदाला पंचवीसदाच उजळते आणि डोळ्यांत खुपते. म्हणून बहुतेक घरगुती संगणकांनी दुसरी फील्ड पाठवलीच नाही. पहिल्याच जागी पुन्हा पुन्हा रेषा काढून त्यांनी अर्ध्या रेषांचे, पण स्थिर चित्र पत्करले.

३. वाटा वेगळ्या होतात

कार्यालयात दिवसभर अक्षरे वाचणाऱ्या माणसाला असा पडदा चालणार नव्हता. दूरचित्रवाणी खोलीच्या दुसऱ्या टोकावरून, अनेकांनी मिळून पाहण्यासाठी होती, तर मॉनिटर हातभर अंतरावरून एकाने वाचण्यासाठी. शिवाय संगणकाचे चित्र आकाशातून येत नव्हते. ते मीटरभर तारेतून येत होते, तेव्हा बँडविड्थ वाचवण्याचे मूळ कारणच उरले नव्हते.

१९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये ही फूट स्पष्ट दिसते. रंगीत सीजीए कार्ड दूरचित्रवाणीच्याच १५.७ किलोहर्ट्झवर चाले, तर अक्षरांसाठीचे एकरंगी एमडीए कार्ड १८.४ किलोहर्ट्झवर. एप्रिल १९८७ मध्ये आयबीएमने व्हीजीए आणले, त्याची आडवी वारंवारता ३१.४७ किलोहर्ट्झ होती. हा आकडा हवेतून आलेला नव्हता. अमेरिकी दूरचित्रवाणीच्या १५.७३ किलोहर्ट्झची ती दुप्पट आहे. व्हीजीएच्या ६४० बाय ४८० या चित्रात वापरलेल्या-न वापरलेल्या मिळून एकूण ५२५ रेषाच आहेत. म्हणजे ही अमेरिकी दूरचित्रवाणीच होती, फक्त तिच्यातून इंटरलेसिंग काढून टाकलेले होते. सर्व रेषा एकापाठोपाठ, सेकंदाला साठ वेळा. वाट सोडतानाही नव्या पद्धतीने जुन्याच मोजपट्टीने माप घेतले होते.

चित्रनलिकेत शलाका वळवणारी यंत्रणा ठरावीक वारंवारतेसाठी बांधलेली असते. फक्त ३१.५ किलोहर्ट्झसाठी बांधलेल्या मॉनिटरला १५.६ किलोहर्ट्झचा सिग्नल दिला, तर सूर जुळत नाही आणि चित्र पट्ट्यांमध्ये फाटते. प्रस्तावनेतील तिरक्या पट्ट्यांचे मूळ येथे आहे.

४. जोडणीच्या तीन रीती

अशा वेगळ्या झालेल्या पडद्यावर दूरचित्रवाणी दाखवण्याच्या तीन रीती पुढे आल्या.

(अ) मॉनिटरच लवचिक करणे. एनईसी कंपनीने १९८५ मध्ये मल्टिसिंक मॉनिटर आणला. तो सुमारे १५ ते ३५ किलोहर्ट्झपर्यंतची कोणतीही आडवी वारंवारता ओळखून तिच्याशी जुळवून घेई. पण तो महाग होता. पुढे संगणकाची चित्रे अधिक वारंवारतेकडे गेली, तसे बहुतेक मॉनिटरांनी खालची १५ किलोहर्ट्झची मर्यादा सोडून दिली.

(आ) सिग्नल दुप्पट वेगाने वाचणे. एक रेषा स्मृतीत साठवायची आणि ६४ ऐवजी ३२ मायक्रोसेकंदांत, पण दोनदा वाचायची. १५.६२५ किलोहर्ट्झचे ३१.२५ होतात. मॉनिटर ५० हर्ट्झ स्वीकारत असेल, तर त्यावर चित्र येते. यासाठी एका रेषेपुरतीच स्मृती लागते. याहून पुढची पायरी म्हणजे पूर्ण फील्ड साठवून दुसरीत गुंफणे. दूरचित्रवाणीच्या तालावर चालणाऱ्या अमिगा संगणकासाठी अशी ‘फ्लिकर फिक्सर’ उपकरणे निघाली आणि १९९० च्या अमिगा ३००० मध्ये ती सोय आतच बसवलेली होती. भारतात २००० नंतरच्या वर्षांत केबलची तार घेऊन थेट मॉनिटरला चित्र देणाऱ्या छोट्या टीव्ही ट्यूनर पेट्या वसतिगृहांत ओळखीच्या झाल्या. संगणक बंद असला तरी त्याच्या मॉनिटरवर क्रिकेटचा सामना चाले. त्या पेटीचे काम हेच होते.

(इ) चित्रात खिडकी कापणे. संगणकाचे काम चालू असताना एका चौकटीत दूरचित्रवाणी पाहायची असेल, तर दोन्ही चित्रे एकत्र हवीत. सुरुवातीच्या ओव्हरले कार्डांनी युक्ती केली. संगणक त्या चौकटीत एक ठरावीक रंग, बहुधा भडक गुलाबी, भरून ठेवी. मॉनिटरकडे जाताना जेथे हा रंग आढळे, तेथे कार्ड संगणकाचे चित्र तोडून व्हिडिओ जोडून देई. व्हिडिओ संगणकाच्या स्मृतीत जातच नसे. म्हणूनच पडद्याची प्रत साठवली की त्या जागी कार्यक्रमाऐवजी रिकामा रंग मिळे. पडद्यावर दिसणारे चित्र आणि संगणकाला ‘माहीत असलेले’ चित्र वेगळे असू शकते, हा धडा येथे मिळतो.

५. चित्र आकड्यांत येते

चित्र संगणकाच्या स्मृतीत घ्यायचे तर त्याचे आकड्यांत रूपांतर हवे. यासाठीचे आंतरराष्ट्रीय मानक १९८२ मध्येच ठरले होते. सीसीआयआर ६०१ या नावाने ते ओळखले जाते. सेकंदाला १ कोटी ३५ लाख नमुने घ्यायचे, असे त्यात ठरले. ही संख्या दोन्ही पद्धतींना चालावी म्हणून निवडली होती. ६२५ रेषांच्या पद्धतीत तिच्यामुळे प्रत्येक रेषेचे बरोबर ८६४ आणि ५२५ रेषांच्या पद्धतीत ८५८ नमुने होतात. दोन्हींत प्रत्यक्ष चित्राचे नमुने ७२० धरले जातात. युरोप-भारत आणि अमेरिका यांच्या वाटा निदान या एका आकड्यावर एकत्र आल्या.

मग घरच्या संगणकावर हे लगेच का झाले नाही? हिशेब करून पाहू. ७२० बाय ५७६ चे चित्र, प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट, म्हणजे एका फ्रेमला ८,२९,४४० बाइट. मूळ व्हीजीए कार्डावर एकूण स्मृती २५६ किलोबाइट होती, तिच्यात एक फील्डही मावत नाही. सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे दोन कोटींहून अधिक बाइट. त्या वेळच्या आयएसए या अंतर्गत मार्गाची कागदावरची क्षमताही याहून कमी होती. १९९२ मध्ये पीसीआय हा मार्ग आला, त्याची क्षमता सेकंदाला १३ कोटी बाइटांच्या वर होती. त्यानंतर १९९० च्या दशकाच्या मध्यापासून ब्रूकट्री कंपनीच्या बीटी८४८ सारख्या चिपवर आधारलेली स्वस्त कार्डे सिग्नलचे आकडे करून थेट स्मृतीत लिहू लागली. तारेने चित्र जोडण्याचा प्रश्न येथे संपला आणि चित्र कसे समजून घ्यायचे हा प्रश्न सुरू झाला.

६. तीन गैरसमज

आकडे स्मृतीत आले, तरी संगणक ते स्वतःच्या रीतीने वाचतो. त्यातून तीन प्रकारच्या चुका होतात.

पहिली आकाराची. संगणकाचा ठिपका चौरस धरला जातो, दूरचित्रवाणीचा नमुना चौरस नसतो. ७२० बाय ५७६ आकडे जसेच्या तसे दाखवले, तर ४:३ ऐवजी ५:४ प्रमाण मिळते. चेहरे उभट, वर्तुळे अंड्यासारखी. चौरस ठिपक्यांत हेच चित्र साधारण ७६८ बाय ५७६ असायला हवे.

दुसरी उजेडाची. प्रक्षेपणाच्या मानकात काळा रंग १६ आणि पांढरा २३५ या आकड्यावर असतो. संगणक ० ला काळा व २५५ ला पांढरा मानतो. रूपांतर न करता दाखवलेल्या चित्रातील रात्र राखाडी दिसते आणि पांढरे कपडे मळके.

तिसरी आणि सर्वांत गंभीर चूक काळाची. एका फ्रेमच्या दोन फील्ड एकाच क्षणाच्या नसतात. त्यांच्यात सेकंदाचा पन्नासावा भाग गेलेला असतो. ताशी १२६ किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू तेवढ्यात ७० सेंटिमीटर पुढे जातो. चित्रनलिकेवर या फील्ड एकामागून एक दिसत, म्हणून काही बिघडत नसे. संगणकाने त्या एकत्र गुंफून एकाच वेळी दाखवल्या, की चेंडू दोन जागी, एकाआड एक रेषांत दिसतो. कंगव्याचे दात ते हेच. एकेक फील्ड ताणून पूर्ण चित्र केले तर गती टिकते, पण प्रत्येक क्षणाचा उभा तपशील अर्धा राहतो. दोन्ही फील्ड मिसळल्या तर भुतासारख्या दुहेरी कडा येतात. चित्राचा कोणता भाग हलतो आहे हे ओळखून तेवढ्यापुरता उपाय करणाऱ्या पद्धती अधिक चांगल्या आहेत, पण त्याही गमावलेल्या रेषांचा अंदाजच करतात. त्यात मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल, तर ५० फील्ड ६० वेळा दाखवताना प्रत्येक पाचांपैकी एक दोनदा येते आणि खालून सरकणारी बातम्यांची पट्टी अडखळत चालते.

७. जुन्या फिती आणि आपली जबाबदारी

चित्रनलिका गेली, सपाट पडदे आले. १९९९ मध्ये डीव्हीआय आणि २००२ च्या अखेरीस एचडीएमआय या जोडण्या ठरल्या. आता दूरचित्रवाणी व मॉनिटर पुन्हा एकाच तारेवर आले आहेत. तरी भारतातील एचडी वाहिन्यांनीही दीर्घकाळ १०८० रेषांचे इंटरलेस चित्रच वापरले. २०१२ मध्ये अतिउच्च स्पष्टतेच्या चित्रासाठी बीटी २०२० हे मानक आले, त्यात मात्र इंटरलेसिंगला स्थान नाही. सुमारे पाऊण शतकाची तडजोड कागदोपत्री तेथे थांबली.

फितींवरील चित्रांसाठी मात्र ती थांबलेली नाही. १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवरून ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीचा उपक्रम सुरू केला. त्या काळातील व्याख्याने, लोककलांच्या नोंदी, मुलाखती, बातम्या हे सर्व ५० फील्डच्या पद्धतीत नोंदले गेले. अशी फीत संगणकात घेताना फील्ड मिसळून २५ फ्रेमची फाइल केली आणि मूळ फीत टाकून दिली, तर गतीची अर्धी माहिती कायमची जाते. तबलजीची बोटे किंवा कथकमधील चक्कर यांचा अभ्यास करणाऱ्याला ती फाइल पुरावा म्हणून अपुरी पडते. कोणती फील्ड आधी, याची नोंद चुकली तरी चित्र पुढे-मागे थरथरते. डीव्ही फितींत खालची फील्ड आधी असते, तर ६२५ रेषांच्या इतर बहुतेक नोंदींत वरची.

म्हणून जतनाची रीत अशी असावी : मूळ फाइल इंटरलेसच ठेवावी, फील्डचा क्रम आणि ठिपक्याचे प्रमाण तिच्यासोबत लिहून ठेवावे, आणि पाहण्यासाठीची प्रत वेगळी, शक्यतो सेकंदाला ५० चित्रांची करावी. उद्या अधिक चांगली पद्धत निघाली, तर मूळ फाइलीपासून नवी प्रत करता येईल. मिसळलेल्या फाइलीपासून फील्ड परत वेगळ्या करता येत नाहीत.

समारोप

इंटरलेसिंग ही चूक नव्हती. १९३६ मध्ये उपलब्ध नलिका, वाहिन्या आणि डोळ्याचा स्वभाव यांचा विचार करता तो उत्तम मार्ग होता. पण तंत्राची कारणे संपली तरी त्याने घडवलेली साधने टिकून राहतात. व्हीजीएच्या ५२५ रेषा याची साक्ष देतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने जुने हस्तलिखित वाचताना लिपी आणि कागद पाहावा, तसेच जुने चलच्चित्र वाचताना ते कोणत्या पद्धतीत नोंदले आणि आपल्या पडद्यापर्यंत येताना त्याचे काय-काय झाले, हे विचारावे.

स्वाध्याय

१. इंटरलेसिंगमुळे लुकलुक आणि बँडविड्थ या दोन्ही अडचणी कशा सुटल्या, ते ६२५ रेषांच्या पद्धतीच्या आधारे स्पष्ट करा.
२. घरगुती संचावर ८० अक्षरांची ओळ नीट का वाचता येत नसे? आकडेमोड करून दाखवा.
३. ओव्हरले कार्ड आणि चित्राचे आकडे करून स्मृतीत लिहिणारे कार्ड यांतील मूलभूत फरक सांगा.
४. आपल्या महाविद्यालयात किंवा घरी एखादी जुनी व्हिडिओ फीत असल्यास ती संगणकात घेताना कोणत्या नोंदी ठेवाल? कारणांसह यादी करा.